आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणजे आमवात झालाच का?

प्रश्न : वय ६२. दोन्ही गुडघे दुखतात म्हणून लॅबमध्ये 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' केले. आरए फॅक्टर २४ आला, मर्यादा १४ होती. आता जन्मभर गोळ्या का? — एक वाचक, महाल

उत्तर : गोळ्यांपर्यंत अजून गोष्ट आलेलीच नाही. आरए फॅक्टर ही आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) रक्तात सापडणारी अँटीबॉडी. पण ती निरोगी माणसांतही शंभरात साधारण ५ जणांना सापडते, उतारवयात त्याहून जास्त. हेपॅटायटिस सी, क्षय, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग यांतही ती वाढते. म्हणून नुसते 'पॉझिटिव्ह' वाचू नका, आकडा वाचा. मर्यादेच्या तिपटीहून वर, म्हणजे तुमच्या लॅबच्या हिशेबाने ४२ च्या वर, असेल तर तो 'जास्त' धरतात. तुमचा २४ 'कमी'त मोडतो.

आमवात ठरवायच्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय निकषांत १० पैकी ६ गुण लागतात, आणि निदान एका सांध्यात डॉक्टरांच्या हाताला लागणारी सूज असल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. तशी सूज आहे असे धरून तुमचे गुण मोजू. दोन मोठे सांधे : १. कमी पॉझिटिव्ह अँटीबॉडी : २. सहा आठवड्यांहून जास्त त्रास : १. ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) वाढलेला असलाच तर आणखी १. झाले ५, सहाला एक कमीच. हाताची बोटे, मनगटे ठीक असतील आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटत असेल, तर या वयात गुडघ्यांची झीजच जास्त संभवते. शंका उरली तर अँटी-सीसीपी (आमवाताची जास्त नेमकी अँटीबॉडी चाचणी) करा.

त्या पॅकेजमध्ये बहुधा एएसओ चाचणीही असते. ती घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाची, आमवाताच्या निदानाशी तिचा संबंध नाही. पॅकेज स्वस्त दिसते, घोळ मात्र वाढवते.

प्रश्न : वय ३४. पावसाळ्यात ताप आला, चिकनगुनिया निघाला. आता तीन महिने झाले, सकाळी दीड तास मूठ वळत नाही, बोटांचे पेर सुजतात. आरए फॅक्टर निगेटिव्ह. डॉक्टर तरी आमवाताची शंका घेतात. — एक वाचक, नंदनवन

उत्तर : शंका रास्त आहे. आमवाताच्या दहांतल्या साधारण तिघांना आरए फॅक्टर येतच नाही. उलट बाजूने, चिकनगुनियाही बोटे, मनगटे, घोटे असेच धरतो, कित्येक महिने सोडत नाही, आणि त्यात आरए फॅक्टर काही काळ पॉझिटिव्हही येऊ शकतो. २०२४ च्या साथीनंतर नागपुरात हा पेच अनेक घरांत पडला असेल. अशा वेळी अँटी-सीसीपी उपयोगी पडते. ती पॉझिटिव्ह आली तर आमवाताची शक्यता बळावते, कारण इतर आजारांत ती क्वचितच येते. निगेटिव्ह आली तरी सूज बोलतेच, म्हणून र्‍ह्युमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांच्या आजारांचे तज्ज्ञ) यांच्याकडून सांधे तपासून घ्या.

रक्त देताना उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा. काही मशीनवर त्याने आकडा चुकतो, आणि मोठा डोस असेल तर दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतात. रिपोर्टवर नुसते 'निगेटिव्ह' नको, आकडा आणि त्या लॅबची मर्यादा दोन्ही मागा. तपासणीआधी कुणाच्या सल्ल्याने स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊ नका. सूज उतरते, सीआरपी खाली येतो, आणि डॉक्टरांना बघायला काही उरत नाही.

विदर्भापुरती एक गोष्ट : सिकलसेलचा आजार असेल तर ईएसआर खोटा कमी येतो, कारण कोयत्याच्या आकाराच्या त्या लाल पेशी एकमेकींवर नीट रचल्या जात नाहीत. तिथे सीआरपी पाहावा. साध्या ॲनिमियात उलटे होते, ईएसआर उगाच चढतो.

प्रश्न : मोठ्या बहिणीला आमवात आहे. मी बिडी ओढतो, खर्राही खातो. मला काही त्रास नाही, तरी चाचणी करू का? — एक वाचक, कामठी

उत्तर : नको. सख्ख्या नात्यात धोका साधारण तिप्पट होतो, पण मुळात हा आजार शंभरात एकाच्या आसपास, म्हणजे तिप्पट होऊनही बहुतेकांना तो होत नाही. अँटी-सीसीपी आजाराच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकते, पण पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. त्रास नसताना तो कागद नुसती झोप उडवतो.

बिडी मात्र आजच सोडा. धुरामुळे फुप्फुसातली प्रथिने बदलतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवू लागते. घरात आमवाताकडे झुकवणारे जनुक असेल तर हा धोका आणखी चढतो. खर्ऱ्याबाबत असा थेट पुरावा नाही, पण तो हिरड्या खराब करतो, आणि हिरड्यांच्या जुनाट रोगाचा आमवाताशी संबंध आढळतो. (तोंडाचा कर्करोग टाळण्यासाठी तर खर्रा सोडायलाच हवा.) दगडफोडीच्या किंवा खाणीच्या कामात सिलिकाची धूळ नाकात जात असेल, तर तोही एक धोका. बोटांना सूज आली आणि सकाळचा आखडलेपणा तासभर टिकू लागला, तर मात्र सहा आठवडे वाट न बघता दाखवा.

प्रश्न : वर्षभर आमवाताचे औषध चालू आहे, डॉक्टर अँटी-सीसीपी पुन्हा करतच नाहीत. — एक वाचक, वर्धमाननगर

उत्तर : बरोबर करतात. सूज उतरली तरी हा आकडा बरेचदा तसाच राहतो, त्यावरून औषध लागू पडले की नाही कळत नाही. त्यासाठी सुजलेले-दुखणारे सांधे मोजतात आणि सीआरपी बघतात. मेथोट्रेक्झेट (आमवाताचे नेहमीचे औषध) चालू असेल तर पैसे लिव्हर, किडनी आणि रक्तपेशींच्या तपासण्यांवर खर्च करा. त्या चुकवू नका.