शरीरातील विजेला 'करंट' म्हणावे का?

जखम भरून येण्यातला शरीरातील विजेचा वाटा सांगताना 'करंट' लिहावे, 'वीज' की 'विद्युत', असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

'करंट' लिहू नये. 'नसेतून करंट धावतो' हे वाक्य वारंवार कानी पडते आणि दर वेळी खटकते, कारण त्यामुळे डोळ्यांसमोर तांब्याची तार येते. तारेत इलेक्ट्रॉन तिच्या लांबीच्या दिशेने सरकतात. मज्जातंतूत मात्र सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, आवरणातून आडवे आत शिरतात आणि हीच घटना लगतच्या भागात पुन्हा पुन्हा घडत संदेश पुढे जातो. 'वीज' बोलीतला आणि 'विद्युत' तेवढा शास्त्रीय, हा परिभाषाकारांचा आग्रहही निराधार आहे. संस्कृत 'विद्युत्', प्राकृत 'विज्जु', मराठी 'वीज' असा हा एकाच शब्दाचा प्रवास आहे.

मला मोह पडतो तो दुसऱ्याच व्युत्पत्तीचा. 'विद्युत्'मधला 'द्युत्' हा चमकण्याचा धातू आहे. 'इलेक्ट्रिक' शब्दाच्या मुळाशी मात्र ग्रीक 'इलेक्ट्रॉन' आहे, म्हणजे घासल्यावर काडीकचरा ओढून घेणारी अश्मीभूत राळ. तिच्यावरूनच इंग्रज वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी 1600 साली लॅटिन विशेषण घडवले. हिलाच संस्कृतात 'तृणमणि' म्हणतात आणि फारसीत 'काहरुबा', म्हणजे 'गवत पळवणारा'. अरबीत तर या फारसी शब्दावरून आलेला 'कहरबा' आज विजेचेच नाव आहे.

माझे मत असे की, आकाशातल्या विजेला चमकेचे नाव शोभते, पण आपल्या शरीरातल्या विजेचे मर्म तृणमणीच्या ओढीतच सापडते. चेतापेशीचा, म्हणजे मज्जातंतूच्या पेशीचा, आतला भाग विश्रांतीच्या स्थितीत बाहेरच्यापेक्षा सुमारे 70 मिलिव्होल्ट ऋण असतो, म्हणून धन आयन आत ओढले जातात. अखंड त्वचेच्या आतबाहेरही विभवांतर, म्हणजे व्होल्टेजमधला फरक, असते. त्वचा कापली गेली की त्या जागी ते ढासळते, प्रवाह जखमेकडे वळतो आणि कडेच्या पेशी त्या रोखाने सरकू लागतात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्युबुआ-रेमाँ यांनी असा प्रवाह 19व्या शतकात स्वतःच्या बोटाच्या जखमेवर मोजला होता. तृणमणीकडे काडी ओढली जावी, तशा येथे जिवंत पेशी जखमेकडे ओढल्या जातात.

तेव्हा वाचकाने आपल्या वाक्यात निःशंकपणे 'वीज' लिहावे, आणि द्युबुआ-रेमाँ यांनी मोजले त्याला 'प्रवाह' म्हणावे.