मेलमध्ये 'टायर्ड ऑफ' लिहायचं की 'टायर्ड फ्रॉम'?

तुमचा प्रश्न असा, की रोज कल्याण ते ऐरोली येण्या-जाण्याने जीव थकतो, म्हणून आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागायचंय. मग मेलमध्ये 'आय ॲम टायर्ड ऑफ ट्रॅव्हलिंग टू ऑफिस' लिहिलं तर चालेल का? कृपा करून हे वाक्य पाठवू नका.

व्याकरणात ते अगदी बरोबर आहे, त्यामुळे चेकरसुद्धा लाल रेघ मारणार नाही. पण 'टायर्ड ऑफ' म्हणजे वैतागलो, आता पुरे. साहेबांना वाटेल, याला ऑफिसला यायचाच कंटाळा आलाय. मराठीत आपण 'प्रवासाने थकलो' आणि 'प्रवासाला कंटाळलो' यांत कधी गल्लत करत नाही, 'ने' आणि 'ला' आपोआप जागेवर बसतात. इंग्रजीत तेच काम 'फ्रॉम' आणि 'ऑफ' करतात. तुम्हाला हवंय ते 'टायर्ड फ्रॉम'.

मी रबाळ्याला नोकरी करते आणि टीममधल्या मुलांचे मेल पाठवण्याआधी वाचून देते. एकाने लिहिलं होतं, 'आय ॲम टायर्ड ऑफ नाइट शिफ्ट्स.' बिचारा सलग रात्रपाळ्यांनी गळून गेला होता, त्याला फक्त चार दिवस आराम हवा होता. तो मेल तसाच गेला असता तर प्रोजेक्ट बदलून हवाय का, अशी विचारणा झाली असती. 'ऑफ' काढून 'फ्रॉम' घातलं, बाकी एक अक्षर बदललं नाही.

'एक्झॉस्टेड' वापरलात तरी उत्तम, फक्त शेपूट सांभाळा. प्रवास 'एक्झॉस्टिंग', तुम्ही 'एक्झॉस्टेड'. 'आय ॲम एक्झॉस्टिंग' म्हणजे मी लोकांना दमवतो! 'एक्झॉस्टिव्ह'चा थकव्याशी संबंधच नाही, काहीही न वगळता केलेल्या यादीला किंवा अभ्यासाला ते म्हणतात.

'आय ॲम बर्नआउट' असंही तुम्ही सुचवलंय. 'बर्नआउट' हे नाम आहे. स्वतःबद्दल लिहिताना 'बर्न्ट आउट', दोन सुटे शब्द (अमेरिकेत 'बर्न्ड आउट' जास्त चालतं). पण इथे तो शब्दच नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची जी व्याख्या दिली, ती कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाची आहे: शक्ती संपणं, कामाबद्दल मन उडणं आणि हातून काम नीट होत नाही असं वाटणं. खरंच तसं होत असेल तर मेलवर थांबू नका, साहेबांशी समोर बसून बोला, डॉक्टरांनाही भेटा. पण लोकलच्या थकव्याला हा शब्द लावलात, तर कामाच्या ताणाबद्दल प्रश्न विचारले जातील आणि मूळ मागणी बाजूला राहील.

ठाण्याला उतरून, गर्दीतून पूल ओलांडून ऐरोलीकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल पकडायची आणि संध्याकाळी तेच उलट, हे साहेबांना सरळ एका ओळीत सांगा. मग 'द डेली कम्यूट लीव्ह्ज मी एक्झॉस्टेड' एवढं पुरे. त्याच्या लगेच खाली कोणते दोन दिवस हवेत, ते वारासकट लिहा.