नातवाचे गाणे, आजोबांचा कान

प्रश्न : माझा नातू अकरावीत शिकतो. तो दिवसभर कानांना हेडफोन लावून रॅप ऐकत असतो. मी दोन-तीन गाणी ऐकून पाहिली; त्यांत मला ना चाल सापडली ना काव्य, आणि निम्मे शब्द तर कळलेच नाहीत. मी तसे बोलून दाखवले की तो गप्प बसतो. गंमत अशी की माझ्या लहानपणी आम्ही भावंडे रेडिओवर सिनेमाची गाणी लावत असू, तेव्हा माझे वडील ‘हा थिल्लरपणा बंद करा’ म्हणून ओरडत आणि मला त्यांचा भयंकर राग येई. मीही आता तेच करतो आहे का, की संगीताची खरोखरच घसरण झाली आहे?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. एक ऐकणाऱ्याविषयी आहे आणि दुसरा गाण्याविषयी. दुसऱ्याकडे पुढे वळावे लागेलच, कारण आणखी एका वाचकाने तो थेट विचारला आहे. परंतु अशा तक्रारीत पहिल्याचा वाटा आपण मानतो त्याहून पुष्कळ मोठा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. १६ ते ८६ वर्षे वयाच्या १०८ जणांना त्यांनी १९३२ ते १९८६ या काळातील २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि प्रत्येक गाणे किती आवडले ते विचारले. ते गाणे लोकप्रिय झाले तेव्हा ऐकणाऱ्याचे वय काय होते, याच्याशी उत्तरे ताडून पाहिल्यावर आवडीचे शिखर साधारण साडेतेविसाव्या वर्षी येते, असे दिसले. संख्या लहान आहे आणि प्रयोग एका देशातला आहे. त्यामुळे साडेतेवीस हा आकडा दगडावरची रेघ समजू नये. तथापि, माणसाला आपल्या दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील आठवणी इतर काळापेक्षा अधिक आणि अधिक ठळक आठवतात, हे स्मृतीवरील अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे, आणि गाणे हे त्या आठवणींना चिकटून राहणारे फार चिवट साधन आहे. कॉलेज, पहिली नोकरी, वसतिगृहातील मित्र, लग्नाआधीची भेटगाठ हे सारे ज्या चालींबरोबर घडले, त्या चाली पुढे निव्वळ चाली म्हणून ऐकताच येत नाहीत. आपल्या नातवाच्या गाण्यापाशी आपली अशी एकही आठवण नाही. ते गाणे आपल्यासमोर एकटे, उघडे उभे राहते आणि आपण त्याची तुलना मात्र आठवणींनी भरलेल्या गाण्याशी करतो.

दुसरी गोष्ट कानाच्या सवयीची. आपला कान मुखडा आणि अंतरा शोधतो, सुरावट कुठे वर चढली आणि समेवर कशी आली ते पाहतो. रॅपमध्ये हे जवळजवळ नसतेच. त्याची कारागिरी शब्द ठेक्याच्या पुढे-मागे कुठे पडतो, यमक ओळीच्या शेवटी न येता मध्येच कसे येते आणि श्वास कुठे घेतला जातो यात असते. चाल शोधणाऱ्या कानाला तेथे काहीच सापडणार नाही. रॅप हा पोवाड्याचाच वंशज आहे असे अलीकडे उत्साहाने सांगितले जाते, ते मला पटत नाही. त्याचे मूळ १९७० च्या दशकातील न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात आहे आणि मुंबईत तो कुर्ला, अंधेरीसारख्या उपनगरांतील मुलांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्वतःच्या बोलीत रुजवला. परंतु आपण शाहीर अमर शेख किंवा अण्णा भाऊ साठे यांच्या परंपरेतील शाहिरी ऐकली असेल, तर डफाच्या ठेक्यावर फेकलेला शब्द कसा ऐकायचा हे आपल्याला ठाऊक आहे. तोच कान येथे लावून पाहावा.

शब्द कळत नाहीत या तक्रारीमागे एक शारीरिक कारणही असू शकते. वय वाढते तसे उंच पट्टीतील आवाज ऐकण्याची क्षमता प्रथम घटते, आणि ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी याच वरच्या पट्टीतून पटते. जोरकस खर्जाच्या ठोक्यांवर भरभर म्हटलेले शब्द साठी-सत्तरीतल्या कानाला अस्पष्ट वाटणे स्वाभाविक आहे. यात गायकाचा दोष असेलच असे नाही.

आता आपल्या वडिलांकडे येऊ, कारण त्यांच्या पाठीशी थेट भारत सरकार उभे होते. पुण्यात जन्मलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि पुढील दहा वर्षे त्या पदावर राहिले. ते शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. चित्रपटगीते दिवसेंदिवस सवंग होत आहेत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ व परक्या चाली यांनी भारतीय संगीताला ग्रासले आहे, असे त्यांना मनापासून वाटे. आकाशवाणीवर चित्रपटगीतांना कात्री लागली, गाण्यांची निवड चाळणीतून होऊ लागली, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरवली गेली. त्यावर निर्मात्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली आणि देशाच्या रेडिओवरून सिनेमाचे गाणे जवळपास नाहीसे झाले.

श्रोते मात्र नाहीसे झाले नाहीत, ते सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, रेडिओकडे गेले. रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक होते. डिसेंबर १९५२ मध्ये तेथून अमीन सयानी यांच्या आवाजात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारच्या संध्याकाळी जो तो रेडिओची सुई सिलोनवर आणून ठेवू लागला. अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली आणि चित्रपटगीत सरकारी रेडिओवर सन्मानाने परत आले.

केसकरांची थट्टा करणे सोपे आहे. मला ते अन्यायाचे वाटते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, शास्त्रीय गायक-वादकांना आकाशवाणीने मोठा आधार दिला, आणि चित्रपटगीताला पर्याय म्हणून सुगम संगीताला जे उत्तेजन मिळाले त्याच वातावरणात १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ दर आठवड्याला घरोघरी पोहोचले. त्यांना संगीत कळत होते. कळत नव्हते ते एवढेच, की ज्या काळातील गाण्यांना ते सवंग म्हणत होते, त्याच काळाला पुढची पिढी सुवर्णकाळ म्हणणार आहे.

त्या ‘परक्या’ चालींचे एक उदाहरण पाहावे. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटात जॅझचे आणि लॅटिन अमेरिकेतील ठेके बिनधास्त वापरले आणि त्यासाठी चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाची साथ घेतली. असली गाणी ऐकून घरातील वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालत. जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत लता मंगेशकरांनी चीन युद्धातील हुतात्म्यांसाठी जे गीत गायले आणि जे ऐकून पंतप्रधान नेहरूंसह सारे श्रोते गहिवरले, त्याची चालही याच सी. रामचंद्रांची. थिल्लर संगीतकार आणि गंभीर संगीतकार अशी दोन वेगळी माणसे नव्हती.

आणि पेटीचे काय? हार्मोनियम युरोपातून आलेले वाद्य. त्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि त्याचे स्वर पट्ट्यांना बांधलेले असतात, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत होती. त्या आक्षेपात तांत्रिक तथ्य आहे, हे कोणताही गवई मान्य करील. तरीही गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या पेटीवादकाने आपले नाव त्याच वाद्यावर कमावले, आणि आज गावातल्या भजनी मंडळातून पेटी काढून टाका असे कोणी म्हटले तर ‘आपली परंपरा बुडाली’ म्हणून आपल्यासारखेच ज्येष्ठ सर्वांत आधी उठतील.

तेव्हा होय, आपण वडिलांचेच वाक्य म्हणत आहात. फरक एवढाच की त्यांच्या हाती रेडिओचे बटण होते, आपल्या हाती तेही नाही. हेडफोनने ते काढून घेतले. म्हणूनच नातू वाद न घालता गप्प बसू शकतो.

प्रश्न : मी वीस वर्षांची आहे. आजीची नाट्यपदे मला आवडतात, आईबाबांच्या तरुणपणची गाणी तर तोंडपाठ आहेत. माझी गाणी मात्र घरात कोणालाच सहन होत नाहीत. हा व्यवहार एकतर्फी का?
– एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : कारण आपण त्यांच्या गाण्यांत वाढलात आणि ते आपल्या गाण्यांत वाढले नाहीत. क्रुमहान्सल आणि झुपनिक या दोघांनी अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे वीस वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातील लोकप्रिय गाणी ऐकवली. स्वतःच्या काळातील गाण्यांशी त्यांच्या आठवणी जोडलेल्या असणार, हे अपेक्षितच होते. शिवाय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांशीही त्यांचे घट्ट नाते दिसले, आणि तो होता त्यांच्या आईवडिलांच्या तारुण्याचा काळ. १९६० च्या दशकापाशी आणखी एक उंचवटा होता; तो कदाचित आजीआजोबांमुळे असावा. थोडक्यात, स्वयंपाकघरात, प्रवासात, रविवारच्या सकाळी जे कानावर पडत राहिले ते मुलांनी न ठरवता आपलेसे केले.

हा वारसा वरून खाली आपोआप येतो. खालून वर जायला त्याला वाट लागते आणि ती पूर्वी होती. घरात एकच रेडिओ किंवा एकच टेपरेकॉर्डर असे, त्यामुळे मुलांची गाणी वडिलांच्या कानावर इच्छा नसतानाही पडत आणि शंभर वेळा पडल्यावर त्यांतले एखादे तेही गुणगुणू लागत. वारंवार कानी पडणारी गोष्ट हळूहळू आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवले होते. आता प्रत्येकाच्या कानात वेगळा रेडिओ आहे. आपले गाणे घरच्यांना एकदाच, तेही अर्धवट ऐकू येते आणि पहिल्या ऐकण्यात परके गाणे क्वचितच आवडते. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी स्पीकरवर, बेताच्या आवाजात आपली आवडती दोन गाणी लावावीत आणि कोणाला मत विचारू नये.

प्रश्न : जुन्यांच्या आवडीनिवडीचे मानसशास्त्र ठीक आहे, पण म्हणून आजचे संगीत दर्जेदार ठरते का? पन्नास-साठच्या दशकाशी त्याची तुलना तरी होऊ शकते का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : ठरत नाही, आणि तसा दावाही येथे केलेला नाही. पण तुलना करताना दोन्ही बाजूंना एकच माप लावावे. पन्नासच्या दशकात दरवर्षी शंभराच्या आसपास हिंदी चित्रपट निघत आणि प्रत्येकात सात-आठ गाणी असत. त्या शेकडो गाण्यांपैकी आज आपल्याला वर्षाची किती आठवतात? वीस, फार तर तीस. उरलेली काळाने गाळून टाकली. त्यांत उचललेल्या चालीही होत्या आणि रटाळ काव्यही होते. आजच्या गाण्यांना मात्र ही चाळणी लागायची आहे, त्यामुळे तांदूळ आणि खडे आपल्यासमोर एकत्रच येतात.

हे सांगून झाल्यावर ज्येष्ठांच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. स्पेनमधील संशोधक जोआन सेर्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १९५५ ते २०१० या काळातील साडेचार लाखांहून अधिक पाश्चात्त्य लोकप्रिय ध्वनिमुद्रणांची संगणकाच्या साहाय्याने तपासणी केली. ध्वनिमुद्रणांचा आवाज सतत चढत गेला, वापरल्या जाणाऱ्या नादरंगांतील, म्हणजे आवाजाच्या पोतांतील, वैविध्य कमी झाले आणि एका स्वरसमूहाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या वाटाही मर्यादित होत गेल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तेव्हा ‘हल्ली सगळे सारखेच वाटते’ हे वाक्य निव्वळ म्हातारपणाचे लक्षण म्हणून झटकून टाकता येत नाही. मात्र हा अभ्यास पाश्चात्त्य गाण्यांचा आहे. तो आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे उलट जाणारी उदाहरणेही आहेत : अजय-अतुल यांनी २०१६ च्या ‘सैराट’साठी लॉस एंजेलिसमध्ये पूर्ण सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केले, आणि त्याच चित्रपटाच्या एका गाण्यावर लग्नाच्या वरातीत आजोबाही नाचले.

एक पथ्य मात्र मी स्वतः पाळतो. एखाद्या गाण्याविषयी ‘यात काही नाही’ म्हणण्याआधी, त्यातील काय नाही हे नेमके सांगता येते का ते पाहतो. शब्द शिळे आहेत, चाल उचललेली आहे, आवाज यंत्राने इतका सरळ केला आहे की त्यात माणूस उरला नाही, हे आक्षेप आहेत. त्यांवर तरुणांशी चर्चा होऊ शकते आणि अनेकदा ते मान्यही करतात. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ हा आक्षेप नव्हे, ती जन्मतारीख आहे.

प्रश्न : आमच्या गल्लीत मिरवणुकीत रात्री उशिरापर्यंत डीजे वाजतो. तक्रार केली की ‘तुम्हांला आमची गाणी कळत नाहीत’ असे उत्तर मिळते.
– एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या तक्रारीचा गाण्याच्या आवडीशी काहीही संबंध नाही, आणि तो जोडू देऊ नये. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, आणि कोणते दिवस सवलतीचे आहेत ते जिल्हा प्रशासन जाहीर करते. आधी ती यादी पाहावी. पोलिसांकडे तक्रार करताना ठिकाण, वेळ आणि आवाज किती वेळ चालू होता एवढेच लिहावे. कोणते गाणे वाजत होते ते लिहू नये.