आजोबा आठवायला बसलं की फक्त आयसीयूच का आठवतो?

आजी-आजोबा गेल्यावर जी नातवंडं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ना, त्यातली बरीच जणं थोड्याफार फरकाने हेच विचारतात. मॅडम, लहानपण सगळं त्यांच्याजवळ गेलं, आणि आता डोळे मिटले की फक्त नळ्या लावलेला चेहरा दिसतो, बाकीचं सगळं मी विसरलो का. आणि या प्रश्नाच्या मागे एक न बोललेली भीती असते, की आपलं प्रेमच कच्चं होतं की काय. तर यावर एक केस सांगते, परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

संकेत म्हणू त्याला. पंचविशीतला पोरगा, नागपुरात मिहानमधल्या कंपनीत नोकरी, घर इतवारीत. आजोबांना आबाजी म्हणायचा. आबाजी एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात होते, म्हणजे जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती मिल, आताच्या पोरांना तिथला मॉल तेवढा माहीत. म्हातारपणी स्ट्रोक आला, व्हेंटिलेटर लागला आणि गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तसं घरच्यांनी याच्यावर काम टाकलं की तू शिकलेला आहेस, आबाजींवर चार शब्द लिही, जमलेल्या लोकांसमोर वाच. हा रोज रात्री लॅपटॉप उघडून बसायचा आणि "आबाजी अत्यंत प्रेमळ व कष्टाळू होते" याच्या पुढे काही सरकेना, कारण पुढचं वाक्य शोधायला गेला की कॉटला बांधलेले हात दिसायचे.

हे हात बांधणं बऱ्याच घरच्यांना माहीत नसतं आणि एकदम पाहिलं की हबकायला होतं. ग्लानीतला पेशंट तोंडातली नळी ओढून काढतो, म्हणून कधीकधी मऊ पट्ट्यांनी हात बांधून ठेवतात. याला कोणी समजावून सांगितलं नव्हतं. आबाजी त्याच्याकडे बघून राहिले होते, नळीमुळे बोलता येत नव्हतं, आणि याला वाटलं ते म्हणताहेत सोडव. याने सोडवले नाहीत. बस, तेवढंच वर्षभर रोज रात्री फिरून राहिलं होतं डोक्यात.

मी त्याला सांगितलं की बाबा, भीतीच्या क्षणी शरीरात अॅड्रेनलिन वाढतं आणि मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग तो प्रसंग घट्ट करून ठेवतो, रविवारी दुपारी आबाजींच्या बाजूला लोळत पडलेलं असतं ते इतकं घट्ट बसत नाही. वरून तू तोच प्रसंग रोज आठवतोस म्हणजे त्याची रोज रिव्हिजन होते. याचा प्रेमाशी काही संबंध नाही.

नातेवाईक काय सांगतात, वाईट विसर, चांगलं तेवढं आठव. हे मला मुळीच पटत नाही, आठवायचं नाही म्हटलं की तेच जास्त येतं. म्हणून आम्ही आधी आयसीयूवरच बोललो, पट्टीचा रंग कोणता होता इथपर्यंत. बाकीचं नंतर.

आणि बाकीचं काढतानाही मी "आबाजी कसे होते" हे विचारतच नाही. त्याचं उत्तर प्रेमळ आणि कष्टाळू असंच येतं, दुःखात माणसाची आठवण अशी गोळाबेरीज होऊन जाते. मी विचारते, कामावरून आले की आधी काय करायचे, चप्पल कुठे काढायचे, शिव्या कोणत्या द्यायचे. संकेत पहिल्यांदा हसला. म्हणाला, मॅडम, ते फार जोरात बोलायचे, साधं पाणी मागितलं तरी भांडून राहिले असं वाटायचं, शाळेत मीटिंगला आले की मला लाज वाटायची. हे सांगून लगेच गप्प झाला.

त्याला म्हटलं, घराबाहेरच्या कोणाला तरी आबाजींबद्दल विचारून ये. मिलमधले त्यांचे एक सोबती गांधीबाग उद्यानात संध्याकाळी बसतात, हा त्यांच्याकडे गेला. ते काका म्हणे, "अरे बाप्पा, साच्यांच्या (विणायच्या मागांच्या) आवाजात कोनाले काही आयकू येते का, आमी ओठ पाहून समजत होतो. तुह्या आबाजीचे कान त्यातच गेले." म्हणून ते जोरात बोलायचे. म्हणून बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायचे. एवढी वर्षं एका घरात राहून याला हे माहीत नव्हतं.

हे मला सांगता सांगताच त्याला आठवलं की आयसीयूत सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. म्हणजे आबाजींना कोणाचं काही कळत नसणार. त्या दिवशी तो खूप रडला आणि मी काही बोलले नाही, त्यावर बोलण्यासारखं काही नसतंच. बऱ्याच वेळाने म्हणाला, मी एकदा मास्क खाली करून आबाजी मी आलो म्हटलं होतं, सिस्टर ओरडली होती माझ्यावर. आता ही आठवण जशीच्या तशी आहे की त्यात नंतरचं काही मिसळलंय हे मी सांगू शकत नाही, आठवण दर वेळी थोडी नव्याने बनते. पण त्यानंतर बाकीचे आबाजी यायला लागले. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याला, लाकडी बैल गेरूने रंगवणारे, याला दारोदार बोजारा, म्हणजे पोरांना मिळणारे पोळ्याचे पैसे, मागायला नेणारे, आणि जमलेले पैसे "माझ्यापाशी दे, हिशोब मंग" म्हणून स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकणारे. तो हिशोब कधीच झाला नाही म्हणे.

वर्षश्राद्धाला त्याने कागद वाचलाच नाही, जोरात बोलण्याचं आणि बोजाऱ्याचं सांगितलं. लोक हसले. आत्याला अजिबात आवडलं नाही, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का म्हणे, ती अजून नाराज आहे. माझं मत संकेतच्या बाजूने, देवमाणूस करून ठेवला की त्याची आठवण काढायला जागाच उरत नाही. बांधलेले हात त्याला अजूनही कधीकधी दिसतात, मीही ते जातील असं प्रॉमिस केलेलं नाही.

अजून एक, रील्स पाहून पोरं विचारतात की दुःखाच्या पाच स्टेजेसमध्ये मी कुठे अडकलोय. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांचं ते टाइमटेबल नव्हे, ते डोक्यातून काढा. मात्र सहा महिने उलटून गेले तरी रोज तीच तीव्र ओढ, काम, जेवण, झोप सगळं विस्कळीत, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर दाखवा. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, लांबलेल्या शोकाचं वेगळं निदान आहे आणि त्यावर उपचार होतात. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात.