आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, बारावीच्या स्तराचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) डिप्लोमात २८ गुण मिळूनही डिप्लोमा हुकू शकतो का?

हो, हुकू शकतो. २४ ही फक्त किमान बेरीज आहे आणि तिच्यासोबत आयबीच्या नियमावलीतल्या बाकीच्या अटीही पुऱ्या व्हाव्या लागतात. सहा विषयांना प्रत्येकी ७ म्हणजे ४२, आणि टीओके (थिअरी ऑफ नॉलेज, म्हणजे ज्ञानाच्या स्वरूपावरचा विषय) व एक्स्टेंडेड एसे (दीर्घ संशोधनात्मक निबंध) मिळून जास्तीत जास्त ३, असे एकूण ४५ गुण. चांगली बेरीज असूनही मुलं साधारण इथे अडकतात:

- तीन हायर लेव्हल विषयांत मिळून १२ पेक्षा कमी गुण (चार घेतले असतील तर उत्तम तीन धरतात). तीन स्टँडर्ड लेव्हल विषयांत ९ पेक्षा कमी
- एखाद्या विषयात १, किंवा तीन विषयांत २
- टीओके किंवा एसेला ई श्रेणी
- सीएएस (कला, शारीरिक उपक्रम आणि सेवाकार्य) अपुरं

हायर लेव्हलची अट सर्वात फसवी. तिथे ४-४-३ म्हणजे ११. मग स्टँडर्डचे १७ कितीही छान दिसोत, डिप्लोमा नाही, फक्त विषयवार निकाल हातात येतो. कमी पडलेले विषय पुन्हा देता येतात, पण एकूण तीन परीक्षासत्रांतच, मे किंवा नोव्हेंबरमध्ये.

एक लक्षात ठेवा: डिप्लोमा मिळाला म्हणजे भारतातला प्रत्येक प्रवेश खुला झाला असं नाही. नीटसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र तिन्ही लागतात, आणि नेहमीच्या रचनेत तीन विज्ञान विषय बसत नाहीत. त्यासाठी शाळेला आयबीकडून वेगळ्या विषयरचनेची परवानगी घ्यावी लागते, तीही विषय निवडतानाच.