घरी इंजिन बसवलेल्या सायकलचं पासिंग होतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: जुन्या सायकलला गवत कापायच्या मशीनचं ५२ सीसी इंजिन बसवलंय, गावाहून सेलूला रोज जाणं-येणं आहे, तर परभणीच्या आरटीओतून पासिंग करून नंबर मिळेल का आणि कागदं कोणती लागतील.

नंबर मिळणार नाही. एखादा एजंट 'करून देतो' म्हणाला तरी त्याला पैसे देऊ नका. नव्या गाडीच्या नोंदणीला फॉर्म २० चा अर्ज लागतो, सोबत फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा निर्मात्याचा दाखला, आणि विमा. सगळं अडतं ते फॉर्म २२ वर. त्यावर सही निर्माता करतो, आणि त्याआधी त्याच्या मॉडेलचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली मान्य चाचणी संस्थेत पास झालेला असावा लागतो. पुण्याची एआरएआय आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या त्यातल्या आपल्याला जवळच्या. ब्रेक, दिवे, धूर, आवाज असं सगळं तिथे तपासतात. हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्याला तो खर्च परवडतो, एका सायकलला नाही. घरी बनवलेल्या एकट्या दुचाकीसाठी वेगळी सोपी वाट कायद्यात ठेवलेली नाही.

जुन्या लुनाची नंबर प्लेट आणि आरसी सायकलला लावायचा सल्लाही कोणीतरी देईल. तो ऐकू नका. आरसीवरचा चासी नंबर तुमच्या फ्रेमवर नाही, आणि तो ठोकून घेतला तर साधा दंडाचा मामला फसवणुकीच्या गुन्ह्यात जातो.

म्हणून गाडी पास कशी करायची हे सोडा, ती 'मोटार वाहन' या व्याख्येतच बसणार नाही असं बघा. तशा दोन वाटा आहेत, एक पेट्रोलची आणि एक बॅटरीची.

पेट्रोलचं आधी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(२८). चारपेक्षा कमी चाकांचं आणि २५ सीसीपेक्षा जास्त नसलेल्या इंजिनाचं वाहन मोटार वाहन धरलं जात नाही. मग त्याला नोंदणी, लायसन्स, विमा यातलं काहीच लागत नाही. तुमचं ५२ सीसी इथे बाद. ऑनलाइन मिळणारं '८० सीसी' सायकल किटही बाद. त्याचं बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३८ मिमी असतो, म्हणजे खरं माप साधारण ६६ सीसी.

आपल्याकडे लोक हमखास फसतात ते पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाच्या इंजिनात. घरात पडून असतं, हलकं असतं, आणि दुकानदार त्याला बिनधास्त '२५ सीसी' म्हणतो. त्यातल्या बऱ्याच इंजिनांचं बोअर ३४ आणि स्ट्रोक २८ मिमी असतो. हिशोब स्वतः करून बघा: बोअर सेंटीमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला ०.७८५४ ने आणि मग सेंटीमीटरमधल्या स्ट्रोकने गुणा. ३.४ × ३.४ × ०.७८५४ × २.८ = २५.४. म्हणजे कायद्याच्या रेषेच्या अर्धा सीसीपेक्षा कमीच पण पलीकडे, आणि पलीकडे म्हणजे पूर्ण मोटारसायकलचे नियम लागू. तेव्हा इंजिन घेताना दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. बोअर-स्ट्रोक विचारा, आणि बिलावर मॉडेल व सीसी लिहून घ्या. रस्त्यात कोणी अडवलं तर दाखवायला तेवढाच कागद तुमच्याकडे असेल.

एवढ्या लहान इंजिनाची ताकद एक हॉर्सपॉवरच्या आसपास, तीही सात हजार आरपीएमच्या जवळ. २६ इंची चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरला चाक मिनिटाला २०० फेरे मारतं. इंजिन ते चाक गुणोत्तर ३५ ला १ च्या जवळ हवं, म्हणजे इंजिनाच्या ३५ फेऱ्यांना चाकाची एक. टायरवर दाबून फिरणारा रोलर बसवायला सगळ्यात सोपा, पण ३२ मिमीच्या रोलरने गुणोत्तर २० ला १ एवढंच येतं. इंजिन चढावर दम टाकतं आणि क्लच जळतो. शिवाय पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायरला बसला की रोलर नुसता गरगरतो. दोन टप्प्यांत चेनने वेग कमी केलेला बरा. टू-स्ट्रोक असेल तर तेलाचं प्रमाण इंजिनावर लिहिलंय तेच पाळा. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली.

माझं स्पष्ट मत: रोजच्या जाण्या-येण्याला पेट्रोलच्या भानगडीत पडू नका. बॅटरीची वाट स्वस्त आणि शांत पडते. फक्त तिच्यातली एक अट लोक वाचतच नाहीत.

केंद्रीय मोटार वाहन नियम २(यू) प्रमाणे बॅटरीवरचं वाहन मोटार वाहन धरायचं नसेल तर मोटरची तीस मिनिटांची पॉवर (सलग अर्धा तास देता येणारी ताकद) २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पेडल-असिस्ट (पेडल मारताना मोटर मदत करते ती) असेल तर २५ च्या वेगाला किंवा पाय थांबताच मोटरचा जोर बंद व्हायला हवा. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण हे सगळं नियम १२६ च्या चाचणी संस्थेने तपासून मान्य केलेलं असावं, हे त्याच नियमात लिहिलंय. म्हणून सुटे भाग आणून घरी जोडलेली सायकल मापात असली तरी कागदावर अर्धवट राहते. काटेकोर कायदेशीरच हवं असेल तर चाचणीचा दाखला असलेली तयार ई-सायकल घ्या आणि विक्रेत्याकडून त्या मॉडेलच्या दाखल्याची प्रत मागून घ्या. 'लायसन्स लागत नाही' एवढं दुकानाच्या पाटीवर लिहिलं म्हणजे भागलं असं नाही.

तरीही घरीच जोडणार असाल तर निदान मापात जोडा. मापाबाहेर जाण्याची कारणं ठरलेली आहेत. ३६ व्होल्टच्या २५० वॅट मोटरला ४८ व्होल्टची बॅटरी लावली की वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो; मोटरवर २५० लिहिलेलं असलं तरी सायकल ३० च्या पुढे पळते. मोटर घेताना आरपीएम विचारा: २६ इंची चाकाला २०० च्या आसपासची हवी. बाजारात ३२८ आरपीएमचीही मिळते, ती रिकाम्या चाकावर ताशी ४० पर्यंत जाते. बऱ्याच कंट्रोलरला (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) वेगमर्यादेची वायर वेगळी दिलेली असते. ती जोडा, आणि जोडलेली राहू द्या. २०२२ साली राज्याच्या परिवहन विभागाने ई-बाइकवर कारवाई सुरू केली ती अशाच वाढवलेल्या पॉवर आणि वेगासाठी.

जोडणीत नडतं ते रिमला. आपल्या काळ्या सायकलच्या पुढच्या रिमला ३२ आणि मागच्या रिमला ४० भोकं असतात. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, बहुधा ३६ भोकांची येते. स्पोक चुकवून कसंबसं बसवलेलं चाक आठवड्यात डुलायला लागतं. ३६ भोकांची रिम वेगळी घ्या किंवा मोटर बसवलेलं तयार चाकच घ्या. मोटरचा एक्सल चपट्या बाजूने १० मिमी असतो आणि साध्या सायकलच्या पुढच्या चिमट्याची खाच त्याहून अरुंद. कानस मारून ती थोडी मोठी करता येते, पण मग टॉर्क आर्म, म्हणजे एक्सल फिरू न देणारी लोखंडी पट्टी, बसवलाच पाहिजे. नाहीतर जोर देताना एक्सल खाचेत फिरतो, वायर पिळून तुटते आणि चाक निसटतं. सळईचे ब्रेक ठेवू नका, ओल्या रिमवर ते धरत नाहीत. डिस्क ब्रेकची सोय असलेली रेंजर सायकल या कामाला बरी. ब्रेकच्या लिव्हरला मोटर बंद करणारा स्विच घ्या.

बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या, बीएमएससकट (बॅटरी सांभाळणारं सर्किट), आणि १५ अँपिअरच्या कंट्रोलरला बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज. ३६ व्होल्ट १० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत पेडल मारत २५ ते ३० किलोमीटर निघतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग लावू नका. बाहेरच ४२ अंश असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. संध्याकाळी बॅटरी गार झाल्यावर लावा.

आता तुमच्या ५२ सीसीवर पकडलं गेलं तर काय. विनानोंदणी चालवण्याला कलम १९२ खाली पहिल्यांदा २ ते ५ हजार दंड, लायसन्स नसेल तर ५ हजार, विमा नाही म्हणून पहिल्यांदा २ हजार, आणि कलम २०७ खाली गाडी जप्त. घरातलं अठराच्या आतलं पोरगं चालवत असेल तर कलम १९९अ लागतं, त्यात पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. खरं भय अपघाताचं. कोणाला धडक बसली तर विमा कंपनी मध्ये नसते, भरपाई थेट तुमच्या नावावर येते, जमीन-घरासकट.

'मी तर पाणंदीनेच जातो' हे कारण चालत नाही. कलम २(३४) प्रमाणे लोकांना जायचा हक्क आहे तो प्रत्येक रस्ता सार्वजनिक जागा, मग तो डांबरी असो की शिवरस्ता. स्वतःच्या वावरात मात्र ५२ सीसीची सायकल खुशाल फिरवा.

पेट्रोलचीच आणि ओझं वाहणारी गाडी हवी असेल तर जुनी मोपेड घ्या. वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक, नोंदणीची मुदत आणि विमा आधी बघा. पंधरा वर्षं उलटलेली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते विचारा. ते पाच पाच वर्षांसाठी होतं आणि गाडी आरटीओत दाखवावी लागते. विनागिअरचं लायसन्स लागेल. सोळा वर्षांच्याला मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच चालतं, टीव्हीएस एक्सएल १०० ला नाही; ती ९९.७ सीसीची आहे, अठरा पूर्ण लागतात.