महाविद्यालयाच्या डिजिटल संग्रहाची रुपयांत किंमत कशी काढायची

सर, तुमच्या लातूरच्या महाविद्यालयात प्रबंध आणि जुन्या पाहण्यांचा डिजिटल संग्रह आहे आणि वार्षिक खर्च मंजूर करण्याआधी संस्थाचालक विचारताहेत, याची किंमत किती? एकूण डाउनलोड गुणिले प्रकाशकाचा एका लेखाचा दर, हे गणित त्यांच्यापुढे ठेवू नका. तीस-चाळीस डॉलर मोजून तो लेख आपल्या मुलांनी घेतलाच नसता. असा फुगवलेला आकडा पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.

उद्या संग्रह बंद पडला तर वाचक काय करेल आणि त्याला ते कितीला पडेल, एवढंच मोजा.

आधी संग्रहाचे दोन भाग पाडा. जे प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या मोफत ऑनलाइन संग्रहात मिळतात, त्यांची तुमच्याकडची प्रत बंद पडली तरी वाचकाचं फारसं अडत नाही. डाउनलोड कितीही दिसोत, त्यांना जवळपास शून्य धरा. जे फक्त तुमच्याकडे आहे, म्हणजे १९७२ च्या दुष्काळातल्या गावपाहण्या, देवणी गोवंशावरचे टंकलिखित प्रबंध, अशा कागदांची खरी किंमत काढायची.

सर्व्हरच्या नोंदींतून बॉट, म्हणजे आपोआप फाइली उतरवणारे प्रोग्रॅम, वगळा. ऑनलाइन वाचनसाहित्याचा वापर मोजण्याच्या 'काउंटर' या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नियमाने एकाच फाइलवर ३० सेकंदांत पडलेले दोन क्लिक एकच धरतात. मग वर्षभर डाउनलोडच्या पानावर एक प्रश्न ठेवा: हे इथे मिळालं नसतं तर काय केलं असतं? 'कागद बघायला लातूरला आलो असतो' म्हणणाऱ्यांचाच प्रवासखर्च धरा. 'सोडून दिलं असतं' म्हणणाऱ्याच्या नावावर तो लावू नका; वाचनाचं मोल त्याच्या लेखी त्या खर्चापेक्षा कमीच होतं.

इथे नेहमी गफलत होते. आठ फाइली उतरवणारा उदगीरचा संशोधक आठ फेऱ्या मारत नाही, एकच मारतो. म्हणून फाइली नव्हे, फेऱ्या मोजा. समजा वर्षात अशा १५० फेऱ्या वाचल्या, एसटीचं भाडं आणि बुडालेला दिवस मिळून फेरीला ९०० रुपये, तर १,३५,००० रुपये. स्थानिक विद्यार्थ्याचा फक्त वेळ धरा. मूळ कागद वाळवीने खाल्ला असेल तर पर्यायच उरत नाही. त्या फाइलींची यादी आकड्याशिवाय, वेगळी जोडा.

खर्चाच्या बाजूला स्कॅनिंगचा खर्च दहा वर्षांत विभागून लावा. डीस्पेस हे संग्रह चालवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण ते सांभाळणारा माणूस, बॅकअप आणि जुन्या टंकलिखित मराठीचं ओसीआर (स्कॅनमधून यंत्राने वाचलेला मजकूर) तपासणं फुकट नाही. हा खर्च बहुतेक प्रस्तावांत राहून जातो.

'तुम्ही किती पैसे द्याल' असं वाचकांना विचारायची पद्धतही आहे. ब्रिटिश लायब्ररीने ती वापरून दर पाउंडामागे ४.४० पाउंडांचा लाभ दाखवला होता. पण प्रश्न काल्पनिक असल्याने लोक सढळ हाताने उत्तर देतात, आणि तो आकडा फेऱ्यांच्या आकड्यात मिळवला की तोच लाभ दोनदा मोजला जातो.

सरकारी संस्थांना संशोधनपत्रिका मिळवून देणाऱ्या केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेचे ६,००० कोटी, तीन वर्षं, १.८ कोटी लाभार्थी, म्हणजे माणशी वर्षाला सुमारे १,१०० रुपये, हा दाखला कुणी दिला तर तो खर्च आहे, मूल्य नव्हे, हे सभेत तिथल्या तिथे सांगा. तुमचा आकडा मात्र एकच देऊ नका. फेरीचा दर ६०० धरून एक आणि १,२०० धरून दुसरा, असे दोन द्या.